शिमग्याला गावी जाताना: तीन खाड्या, तीन फेरीबोटी

शिमग्याला कोकणात निघालेली बहुतेक मंडळी मुंबई-गोवा महामार्ग धरतात. मी गेली बरीच वर्षं माणगावपर्यंतच तो धरते. तिथून उजवीकडे वळायचं, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याच्या जेटीवर यायचं आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने फेरीबोटीवर गाडी चढवत जायचं. बागमांडले ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. पहिली बोट सावित्रीची खाडी ओलांडते, दुसरी वाशिष्ठीची आणि तिसरी शास्त्रीची. या तीन बोटींबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. कोकणातल्या प्रवासासाठी यांच्याइतकी उपयोगाची सोय माझ्या पाहण्यात दुसरी नाही. आणि शिमगा बघायचा तर या रस्त्यानेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं सासर श्रीवर्धन तालुक्यात, माहेर गुहागर तालुक्यात, धोपाव्यापासून थोड्याच अंतरावर. आम्ही राहतो डोंबिवलीला. नकाशा उघडला तर सासर-माहेर एकाच किनाऱ्यावर, मधे दापोली-मंडणगडचा पट्टा तेवढा. पण त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना खाडी. माझं लग्न झालं तेव्हा श्रीवर्धनहून माहेरी जायचं म्हणजे आधी आत महाडपर्यंत जायचं, मग खेड, चिपळूण, आणि चिपळूणहून परत समुद्राकडे गुहागर. एस.टी. बदलत बदलत सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला अंगणात पोचायचं. लहान मूल कडेवर असलं की जाणंच रद्द व्हायचं. कितीतरी शिमगे मी असे घालवले, की होळी सासरी झाली आणि माहेरच्या पालखीची बातमी चार दिवसांनी भावाच्या फोनवरून कळली.

खाडी ओलांडायची सोय आधी नव्हती असं नाही. दाभोळच्या खाडीत माणसांसाठी होड्या होत्याच. माझे आजोबा तर मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने यायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन उतारूंना किनाऱ्याला न्यायचे. पण होडीत माणूस आणि त्याची पिशवी मावते. म्हातारी आई, दोन पोरं, तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन जायचं तर गाडीच लागते. ती गाडी पाण्यावरून नेणारी बोट दाभोळ-धोपाव्याला २००३ साली सुरू झाली. पुढे बागमांडल्याला आणि जयगडलाही आली, आणि माझं माहेर एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आलं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पद्धत सांगते. जेटीवर आलात की गाडी रांगेत लावा आणि एकाने उतरून तिकीट काढा. दर गाडीच्या प्रकारावर असतो आणि माणसांचं तिकीटही काढावं लागतं. सुटे पैसे जवळ ठेवा, जेटीवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. बोट लागली की आधी आतल्या गाड्या बाहेर येतात. मग खलाशी एकेक गाडी बोलावतो. बोटीला उतरायचा-चढायचा फळा एकाच बाजूला असतो, त्यामुळे मी ज्या ज्या वेळी गेले त्या त्या वेळी गाडी उलटी, मागे मागे घेत चढवावी लागली. नवीन चालवणाऱ्याला ते अवघड वाटतं. मागे पाणी दिसतं, फळा उताराचा, आणि शेजारी ट्रक. पण ते खलाशी काय सांभाळून घेतात! "ताई, आरशात बघू नका, माझ्याकडे बघा. डावीकडे मारा. सरळ करा. येऊ द्या, येऊ द्या... बस." इतकंच बोलतात आणि दोन गाड्यांच्या मधे वीतभर जागा ठेवून गाडी अचूक लावून देतात. आरडाओरडा नाही, कुणाला कमी लेखणं नाही. माझी मुलगी नवीन गाडी शिकली तेव्हा तिलाही त्यांनी त्याच शांतपणे चढवून घेतलं. मला ही या सेवेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमधे ठेवायची आणि खाली उतरायचं. गाडीत बसून राहू नका. वरच्या बाजूला बसायला बाकं असतात, तिथे वारा घ्या. पलीकडे पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, जयगडला थोडी जास्त.

आता रस्त्याबद्दल.

बागमांडल्याहून वेशवीला उतरलात की उजवीकडे बाणकोट आणि त्यापुढे वेळास. बाणकोटचा किल्ला लहान आहे, पण तिथून सावित्रीचं मुख पूर्ण दिसतं. १७५६ साली हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. अलीकडे मात्र लोकांना ते कासवांमुळे माहीत आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत इथल्या वाळूत अंडी घालून जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे घरटी राखायचं काम हाती घेतलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. शिमगा आणि पिल्लं बाहेर पडायचे दिवस बरेचदा जुळून येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं निघाली असतील तर समुद्राकडे सोडतात. एखाद्या दिवशी एकही निघत नाही. तरीही जा. गावातल्या घरांतून राहायची सोय आहे. पाटावर बसून केळीच्या पानावर जेवण मिळतं, आणि ज्या घरात उतरलात त्याच घरातल्या बाई तुम्हाला पालखी आपल्या वाडीत कधी येणार ते सांगतात.

पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. हा भाग सगळ्यांच्या माहितीचा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघा आणि सरळ दाभोळला या.

दाभोळला मात्र थांबा. लोक बोट पकडायच्या घाईत या गावाकडे बघतही नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एके काळी अरबस्तानातून घोडे उतरायचे असं हे बंदर. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस ते लुटून जाळलं, तरी ते परत उभं राहिलं. जेटीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आदिलशाही काळातली, १६५९ च्या सुमारास बांधलेली दगडी मशीद आहे. घुमट आणि मिनार अजून शाबूत आहेत. गावात चंडिकादेवीचं देऊळ आहे, गुहेत. आत विजेचा दिवा लावत नाहीत, फक्त तेलाच्या समया. बाहेरच्या उन्हातून आत शिरलात की डोळ्यांना काही दिसत नाही, भिंतीला हात लावत पुढे जावं लागतं आणि मग हळूहळू देवीचा मुखवटा दिसू लागतो. बोट चुकली तरी चालेल, पुढची येते. हे दर्शन घ्या.

दाभोळच्या जेटीवरच मला शिमग्याची पहिली वर्दी मिळते. होळी पौर्णिमेची, पण शिमगा सुरू होतो फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, आणि त्या दिवसांत खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी-गाणारी मंडळी, गावोगाव फिरतात. एका वर्षी आमच्याच बोटीवर खेळ्यांचा एक अख्खा संच चढला. मृदंग, झांजा, एका पोत्यात बांधलेले मुखवटे. त्यांच्यातला संकासुर पूर्ण वेषात होता. काळा पायघोळ अंगरखा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घंटा. वाऱ्याने टोपी उडेल म्हणून ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती आणि बोटीच्या कठड्याला टेकून उभा होता. गोमू झालेला मुलगा लुगडं आवरत बाकावर बसला होता. पुण्याहून आलेली दोन लहान मुलं आईच्या मागे लपून त्या काळ्या बुवाकडे बघत होती. खाडीच्या मध्यावर आल्यावर एका म्हाताऱ्या खेळ्याने मृदंगावर थाप मारली आणि सगळे गायला लागले. ट्रकचे ड्रायव्हर खाली उतरून आले, खलाशी हातातलं काम ठेवून उभा राहिला. धोपाव्याला बोट लागेपर्यंत सगळ्यांनी पोस्त दिलं. कुणी दहा, कुणी पन्नास. त्या मुलांच्या वडिलांनी मला विचारलं, "हा काही कार्यक्रम ठरवलेला असतो का?" मी त्यांना सांगितलं, की हे लोक आपल्या कामाला चालले आहेत, आपण त्यांच्याबरोबर बोटीत आहोत.

महामार्गावरून जाताना हे भेटत नाही. खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या गावांचं येणंजाणं, सोयरीक, देवाचे मान हे सगळं पाण्यावरून चालत आलेलं आहे. ज्या बोटीत तुम्ही आहात तिच्यातच मासळीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली बाई असते, परीक्षेला निघालेला मुलगा असतो, माहेरी निघालेली माझ्यासारखी कुणी असते. वीस मिनिटं आधी आलात तर जेटीवर ओले काजूगर विकायला बसलेल्या बायकांशी बोलता येतं. काजूगर शेकड्यावर मिळतात. सोलताना त्यांच्या बोटांची सालं निघालेली असतात, म्हणून भाव फार करू नका.

धोपाव्याला उतरल्यावर गुहागर तालुका सुरू. दाभोळहून इथे रस्त्याने यायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा.

माझ्या माहेरच्या पालखीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्याकडे देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, एरवी पेटीत असतात. शिमग्यात ती बाहेर काढून पालखीत लावतात, त्याला रूपं लावणं म्हणतात. होळीच्या दिवशी जंगलातून झाड तोडून आणतात. कुठल्या गावात आंबा, कुठे शेवरी, कुठे पोफळ, ज्याची त्याची रीत. सगळा गाव खांद्यावर घेऊन, फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घालत ते सहाणेपाशी, म्हणजे पालखी बसायच्या चौथऱ्यापाशी, आणतो आणि उभं करतो. होम झाला की पालखी सहाणेवर बसते आणि मग घराघरांत निघते. आमची वाडी येईपर्यंत कधी रात्रीचे दोन वाजतात. अंगण सारवून, रांगोळी काढून सगळे जागे असतात. लांबून ढोल ऐकू आला की आई अजूनही घाईने पदर सारखा करते. पालखी आली की आधी पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी, मग ओटी. माहेरवाशिणींच्या ओट्या वेगळ्या. नवस फेडायचे असतात, नवे बोलायचे असतात. मानकरी गाऱ्हाणं घालतो. त्यात मुंबईत नोकरीला असलेल्यांची नावं येतात, आजारी असलेल्यांची येतात, आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग पालखी नाचवतात. दोघं जण खांद्यावर घेतात, ढोल चढतो आणि ती पालखी डोक्यापर्यंत उसळते. माझा भाऊ, जो डोंबिवलीला आला की दोन जिने चढून दमतो, तो तिथे अर्धा तास पालखीखालून बाजूला होत नाही.

बाहेरच्या माणसांना आमच्या गावात कुणी नाही म्हणत नाही. फक्त काही गोष्टी पाळा. पालखी रस्त्यावर असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, हॉर्न वाजवू नका. चपला काढा. रूपांचे फोटो काही गावांत चालत नाहीत, आधी विचारा. रात्रीचं नमन, म्हणजे खेळ्यांचा नाच-गाण्यांचा खेळ, बघायला बसलात तर शेवटपर्यंत बसा. गण-गवळण झाल्यावर उठून जाणाऱ्यांना खरं नाट्य, म्हणजे वगनाट्य, बघायलाच मिळत नाही.

गुहागरहून पुढे वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ. हेदवीला दशभुज गणपती आहे आणि समुद्रावर बामणघळ. भरतीच्या वेळी गेलात तर खडकाच्या भेगेतून पाणी वर उसळताना दिसतं. तवसाळकडे उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, अंधार पडायच्या आत गाठा. तिथून बोटीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. रत्नागिरीत शिमग्याला भैरीबुवांची पालखी बघायला रात्र जागवावी. शहरात एवढी गर्दी एरवी कुठल्याच दिवशी नसते.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे होळीच्या आदल्या दोन दिवसांत, गणपतीत आणि डिसेंबरच्या सुट्टीत, रांगेत दोन-दोन तास जातात. त्या वेळी जेटीवर सावली हवी, पिण्याचं पाणी हवं आणि बायकांसाठी स्वच्छ, उघडं स्वच्छतागृह हवं. एका ठिकाणी मला ते कुलूप लावलेलं मिळालं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या ओहोटीला फळ्याचा उतार तीव्र होतो आणि खालून बुटक्या गाड्यांचा तळ घासतो. शक्य असेल तर भरतीची वेळ बघून निघा. वयस्कर माणसांना वरच्या बाकांपर्यंतचा लोखंडी जिना चढवत नाही, त्यांच्यासाठी खाली दोन-चार खुर्च्या ठेवल्या तर फार बरं होईल. आणि वाटेतल्या एका मुक्कामाच्या ठिकाणी शिमग्याच्या दिवशी फोनवर एक भाडं सांगून प्रत्यक्षात दुप्पट घेतलं. मुक्काम आधी पक्का करा आणि भाडं लिहून घ्या.

बागमांडल्याच्या बोटीतून अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब पाण्यात उभे दिसतात. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रेवस ते रेडी सागरी महामार्ग हे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न, आणि आता सगळ्या मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. बोटीवर माझा जीव आहे म्हणून पूल नको असं मी म्हणणार नाही. रात्री शेवटची बोट गेली की तीर बंद. बाळंतीण अडली, कुणाच्या छातीत दुखलं, तर रात्री दोन वाजता वळसा घालूनच जावं लागतं. माझ्या वडिलांना एकदा असंच चिपळूणला न्यावं लागलं, ती रात्र मी विसरलेले नाही. पूल व्हायलाच हवेत, आणि लवकर. पण पूल झाले की बोटी बंद करू नका, एवढं मागणं आहे. दिवसाच्या चार फेऱ्या तरी राहाव्यात. जेटीवर काजूगर, कोकम सरबत, वडे विकणारी घरं या बोटींवर जगतात. आणि ज्यांना पलीकडच्या तीरावर पायी उतरून थेट बाजारात जायचं असतं, त्यांना पुलाचा तसा काही उपयोग नाही.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. होळीच्या आदल्या दिवशी निघू नका, दोन दिवस आधी निघा आणि पहिली खाडी सकाळी लवकर ओलांडा. गावागावांत पालखीचे दिवस वेगवेगळे असतात. गुरवाला किंवा जिथे उतराल त्या घरी विचारलंत तर नक्की दिवस कळतो. होळीची सुट्टी मिळाली नाही तरी हिरमुसू नका. काही गावांत पालखी रंगपंचमीपर्यंत, तर काही ठिकाणी पाडव्यापर्यंत फिरत असते, आणि त्या दिवसांत जेटीवर रांगही नसते. मी यंदा सासरची होळी करून, सगळ्यांचं आवरून, मगच बागमांडल्याला येणार आहे.